चिपला तळटीप नसते

रॉबर्ट टोमासुलो आज आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी अर्ज करते, तर त्यांची फाइल पहिल्याच चाळणीत बाजूला पडली असती. आयबीएममधल्या या अभियंत्याचा जगाला माहीत असलेला पेपर एकच, जानेवारी 1967 चा, तोही कंपनीच्याच जर्नलमध्ये आलेला. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेल्या एच-इंडेक्सचा हिशेब असा: दहा पेपरांना निदान दहा-दहा सायटेशन मिळाली की इंडेक्स दहा. एकाच पेपरवर तो एकच राहणार, मग त्या पेपरचा उल्लेख हजारो जणांनी केला तरी.

त्या पेपरात होते काय? आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 91 या संगणकात अपूर्णांकांची आकडेमोड करणारे भाग एकाहून अधिक होते, पण त्या आकड्यांसाठी प्रोग्रॅमरला मिळणारी रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचे खण, चारच. एखादा भागाकार रेंगाळला की मागच्या सूचना खोळंबायच्या. टोमासुलोंनी प्रत्येक सूचनेला तिचे आकडे येईपर्यंत थांबायला वेगळी जागा दिली आणि येणाऱ्या निकालाला रजिस्टरच्या नावाऐवजी टॅग लावला. जिचे आकडे आधी हाती आले ती आधी सुटली, रांगेत पुढे कोण होते याची पर्वा न करता. कुकर होईपर्यंत आपण कोशिंबीर चिरून घेतो, तसे. शिवाय तीच चार नावे पुन्हापुन्हा वापरल्याने होणारी गल्लतही मिटली.

पुढे ही युक्ती बरीच वर्षे अडगळीत होती. मध्येच काही बिघडले तर नेमके कोणत्या सूचनेपाशी, हे त्या यंत्राला सांगता येत नसे. जेम्स स्मिथ आणि अँड्र्यू प्लेझकुन यांनी 1985 मध्ये त्यावर तोडगा मांडला, चिपवर मावणारे ट्रान्झिस्टरही वाढत गेले आणि 1995 च्या पेंटियम प्रोपर्यंत ती कल्पना टेबलावरच्या संगणकांत आली. टोमासुलोंना एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला 1997 मध्ये, पेपरनंतर तीस वर्षांनी. जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर मागची दोन वर्षे पाहतो! आज बहुतेक लॅपटॉप आणि फोन याच तत्त्वावर पळतात, पण त्यातली एकही चिप संदर्भसूची घेऊन बाजारात येत नाही.

सायटेशन म्हणजे पेपर वाचून पुन्हा पेपर लिहिणाऱ्यांची दाद. हार्डवेअरमध्ये कल्पना खरोखर वापरणारे लोक कंपन्यांत बसतात. ते पेपर वाचतात, चिप बनवतात आणि पुढच्या कामाला लागतात.

लिन कॉनवे यांची गोष्ट आणखी बोचरी. आयबीएमच्या एसीएस प्रकल्पात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1966 मध्ये एकाच वेळी अनेक सूचना क्रम मोडून सोडण्याची पद्धत लिहून काढली, पण ती कंपनीच्या अंतर्गत कागदांत राहिली. 1968 मध्ये, त्या लिंगबदल करताहेत म्हणून, आयबीएमने त्यांना काढून टाकले. तेव्हाच्या जाहीर नोंदीत या कामाचे सायटेशन शून्य. नव्या नावाने त्यांनी पुन्हा तळापासून सुरुवात केली. कार्व्हर मीड यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे चिप-रचनेचे पाठ्यपुस्तक 1980 मध्ये आले. त्याआधी 1979 च्या एमपीसी79 उपक्रमात बारा विद्यापीठांतल्या 124 जणांच्या 82 रचना एकत्र करून प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवल्या गेल्या. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे संशोधन हेच, आणि ते कोणत्या रकान्यात भरायचे? आयबीएमने माफी मागितली 2020 मध्ये.

मोजणीच बंद करा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे आकडे गेले की त्या जागी वशिला येऊन बसतो. पण मोजायचे तर त्या क्षेत्राचा रिवाज तरी पाहा. प्रोसेसर-रचनेत मानाची जागा जर्नलला नाही, इस्का आणि मायक्रोसारख्या कॉन्फरन्सना आहे. अमेरिकेत डेव्हिड पॅटरसन, लॉरेन्स स्नायडर आणि जेफ्री उलमन यांनी 1999 मध्येच विद्यापीठांना लेखी सांगितले होते की संगणकशास्त्रात कॉन्फरन्सला कमी लेखू नका आणि बनवलेल्या वस्तूचा परिणामही तपासा. आपल्या यूजीसीने 2010 मध्ये प्राध्यापकांची कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण आणले, त्यात कॉन्फरन्सच्या पेपरला नामांकित जर्नलपेक्षा कमी गुण होते. मग इथला हुशार मास्तर चिपच्या नादी लागेल कशाला? एक चिप बनवायला जेवढी वर्षे जातात, तेवढ्यात पाच-सहा पेपर सहज होतात.

निवड समितीच्या फॉर्मवर पेपरांच्या रकान्याखाली टेपआउटचा एक रकाना काढावा: कोणती रचना फॅबकडे, म्हणजे चिपच्या कारखान्याकडे गेली, चालली का, कोणी वापरली. ते तपासायला चिप बनवलेली माणसे बोलवावीत. अशी माणसे पुण्यातल्या कंपन्यांत आहेत आणि विद्यापीठापासून फार लांबही राहत नाहीत. त्यांचा एका दिवसाचा भत्ता द्यावा लागेल, एवढाच काय तो खर्च.