चुन्याचं वकीलपत्र

आपल्या भाषेनं ज्या पदार्थांवर घोर अन्याय केला आहे, त्यांत चुन्याचा नंबर बराच वर लागेल. कुणी कुणाला फसवलं की आपण म्हणतो, 'चुना लावला'. कुणाला घबाड मिळालं की म्हणतो, 'चांदी झाली'. वास्तविक चुन्यानं कुणाचं काय वाकडं केलं? तो बिचारा पानात काताच्या संगतीनं रंग आणतो, भिंतीवर बसून दिवाळी साजरी करतो आणि मोबदल्यात शिव्या खातो. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. हातात कायम खडू. खडू हा चुन्याचा चुलतभाऊ, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी असणार, हे कबूल. तरीही आज मी चुन्याचं वकीलपत्र घेतलं आहे. कारण आमच्या बुलढाण्याच्या घरातल्या मधल्या खोलीत चांदीनं आम्हांला चुना लावला आणि चुन्यानं लाज राखली.

झालं असं. गेल्या आषाढात आमचे भाचेराव सुटकेस घेऊन दाखल झाले. ताईचा एकुलता एक. शेतीतला पदवीधर, आणि घरची चार एकर कोरडवाहू. त्या चार एकरांत सोयाबीन पेरावं, पावसानं ओढ द्यावी. पाऊस आला तर तो काढणीला यावा. आणि दोन्हींतून वाचलेलं सोयाबीन बाजारात नेलं की भावानं मान टाकावी, हा क्रम त्यानं तीन वर्षं पाहिला होता. चौथ्या वर्षी तो एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाला गेला. वर्ग कुणाचा, कुठला, ते मी सांगणार नाही. फी भरपूर होती, दुपारी पनीरची भाजी होती आणि शेवटी गळ्यात घालायला प्रमाणपत्र होतं.

"मामा," तो म्हणाला, "मले तुमची मधली खोली पाहिजे. खोलीत केशर घेनार आहो मी."

"केशर काश्मिरात होतं रे."

"म्हनूनच तर बुलढान्यात आलो! थंड हवेचं ठिकान आहे ना आपलं?"

यावर मला बोलता येईना. बुलढाणा हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, असं मी स्वतःच वर्गात शिकवत आलो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं आमचं गाव खामगाव-मलकापूरपेक्षा थंड आहे, हे खरं. पण उन्हाळ्यात तव्यापेक्षा तव्याची मूठ थंड असते, तितकंच.

खोलीतलं केशर म्हणजे थाप मात्र नव्हे, हे आधी सांगून टाकतो. केशराचा कंद मोठा गमतीचा प्राणी आहे. त्याचं फूल त्याच्या पोटातच असतं. काश्मीरहून आणलेले कंद लाकडी ट्रेमध्ये नुसते मांडून ठेवायचे, माती नाही, पाणी नाही. आधी पंचवीस अंशांच्या आसपास ऊब द्यायची, मग गारवा पंधरा-सतरापर्यंत उतरवायचा, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जांभळी फुलं येतात. प्रत्येक फुलात तीन लाल तंतू. अशी साधारण दीड लाख फुलं खुडली की किलोभर केशर. म्हणजे एका ग्रॅमला दीडशे फुलं. माणसानं काय काय म्हणून मोजावं!

तेव्हा कंद खरे, फुलं खरी, गारव्याचं यंत्रही खरं. माझं भांडण आहे ते भिंतीशी.

कारण एके दिवशी खोलीत शिरलो तर मला सतरा मास्तर दिसले. काही लांबट, काही चपटे, एकाला तर कपाळच नव्हतं. भाचेरावांनी चारी भिंती, छत आणि दाराची आतली बाजू चमचमत्या कागदानं मढवून टाकली होती.

"हे काय रे?"

"रिफ्लेक्टिव शीट, मामा. नासाचं तंत्रज्ञान आहे."

नासा म्हटलं की आपला माणूस चप्पल बाहेर काढून ठेवतो. मी पण काढली. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की नासाची गोष्ट अगदीच खोटी नाही. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवायची. तो थर इतका पातळ की मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तरी त्यांतल्या एकाहून कमी. अवकाशयानांना हे पांघरूण घालतात. कशासाठी? ऊन आत येऊ नये म्हणून! 1973 साली स्कायलॅबचं कवच फाटलं आणि आतून भट्टी पेटली, तेव्हा अंतराळवीरांनी असल्याच कापडाची छत्री उघडून सूर्याला अडवलं होतं. अमेरिकेनं सूर्याला हाकलायला जे वापरलं, ते आम्ही बुलढाण्यात उजेड गोळा करायला लावलं. आणि नासापर्यंत कशाला जायचं? वेफर्सचा पुडा फाडून उलटा करा. आत हीच जात चमकते. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: बेगड. त्यावरून 'बेगडी' हे विशेषण कसं निघालं, ते मराठीच्या मास्तरानं सांगायला नकोच.

खोलीत दिवे लागले तेव्हा तर कहरच झाला. दिवे जांभळे. खिडकीच्या फटीतून रात्रभर जांभळा उजेड गल्लीत सांडायचा. पंखा लागला की कागद अशी सळसळ करायचा, की आमच्या हिला वाटायचं, कुणी तरी शालू नेसून येरझाऱ्या घालतंय. शेजाऱ्यांना वेगळंच वाटलं. चौथ्या दिवशी एक हवालदार दारात उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही? या वयात गांजा?"

त्यांना आत नेऊन कंद दाखवले. त्यांनी एक उचलून हुंगला, आरशातल्या सतरा हवालदारांकडं पाहून टोपी नीट केली आणि जाताना म्हणाले, "फुलं आली की सांगा. सुनेला सातवा आहे."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ताई आली. खोली पाहून ती काहीच बोलली नाही. चहा घेता घेता हिनं सहज विचारलं, "एवढा खर्च कसा जमवला हो पोरानं?" ताई म्हणाली, "माह्यं ताट होतं ना खामगावचं. अन् समया."

आमच्या भागात खामगावच्या चांदीला काय मान आहे, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. रजतनगरी म्हणतात त्या गावाला. ताईच्या लग्नात वडिलांनी तिथून ताट, वाटी आणि दोन समया आणल्या होत्या, प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून. त्या चांदीचा काही भाग कंदांना गेला, काही यंत्राला, आणि काही आमच्या मधल्या खोलीच्या भिंतींना. खरी चांदी मोडून पोरानं भिंतीला बेगड चिकटवली होती!

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि हा लेख त्या रात्रीच सुरू झाला.

माझा पहिला मुद्दा खामगावच्या सराफाचा. त्याच्या दुकानात तोडा आरशासमोर ठेवा. दोन दिसतात. पण सराफ तराजूत एकच घालतो आणि पैसे एकाचेच देतो. आरसा दाखवतो, देत नाही. भिंतीचंही तेच. भिंत उजेड निर्माण करत नाही. दिव्यानं टाकलेल्यातला जो झाडाला चुकवून भिंतीवर आदळला, तेवढाच परत करते. आता हिशेब मांडू. शीटवाल्याचंही खरं मानू. नवी कोरी, ताणून बसवलेली शीट शंभरातले नव्वदच्या वर परत करते. चुन्याचा ताजा हात ऐंशीच्या आसपास. फरक आहे, मी नाकारत नाही. पण दिव्याच्या शंभर पैशांतले, समजा, तीसच भिंतीवर गेले, तर शीट सत्तावीस-अठ्ठावीस देणार आणि चुना चोवीस-पंचवीस. या तीन पैशांसाठी समया मोडायच्या?

आणि हे तीन पैसे तरी शीट नवी असेपर्यंतचे. आमची भिंत जुनी, पावसाळ्यात ओल धरणारी. पंधरा दिवसांत चिकटपट्ट्या सुटल्या, कागदाला सुरकुत्या पडल्या, मागं बुरशीनं आपला वेगळा प्रकल्प काढला. आरसा उजेड एका दिशेला फेकतो. सुरकुतलेला आरसा कुठं लख्ख पट्टा पाडतो, कुठं अंधार. चुना तसा नाही. तो मिळालेला उजेड चहूकडं उधळतो, कोपऱ्यातल्या ट्रेलाही आणि मधल्यालाही. शिवाय चुन्यात बुरशी सहजी रुजत नाही. विरवलेला चुना भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पुन्हा दगड होतो. शीट वर्षभरात केराच्या टोपलीत जाते, चुना भिंतीचाच होऊन बसतो. बेगड आणि बिऱ्हाड यांत फरक हा असा.

दुसरा मुद्दा देवघरातला. नवरात्रात आपण घट बसवतो. देवघराच्या अंधारात गहू नऊ दिवसांत वीतभर होतो आणि पिवळाधमक निघतो. आपण कौतुकानं तो दसऱ्याला टोपीत खोचतो. पण शेतात असा पिवळा, लांबुळका गहू दिसला तर शेतकरी कपाळाला हात लावील. ते रोप उजेड शोधत धावत सुटलेलं असतं. हरितद्रव्य बनायला उजेड हवा, तो नाही. केशराचं फूल अंधारातही फसवून काढता येतं, कारण ते आधीच पोटात असतं. खरी परीक्षा पुढं. फुलं संपली की पात फुटते, त्या पातीनं मातीत उभं राहून महिनोन् महिने उजेड खायचा आणि पुढच्या वर्षाचे पिल्लू-कंद पोसायचे. उजेड कमी पडला की पिल्लं बारीक, आणि बारीक कंदाला फूल नाही. मग पुन्हा काश्मीरला पैसे पाठवा. वर्गात हा भाग पनीरच्या भाजीनंतर, सगळे पेंगत असताना झाला असावा.

तिसरा मुद्दा मीटरचा. आमचे एक जुने सहकारी पदार्थविज्ञान शिकवत. त्यांच्याकडून प्रकाश मोजायचं मीटर आणलं. एका भिंतीवरचा कागद काढून तिथं चुना मारून घेतला. चुना मारणारा म्हणाला, "मास्तर, नीळ टाकू का? पांढरं फेक दिसते." मी म्हटलं, नको. नीळ डोळ्याला पांढरं दाखवते, पण थोडा उजेड गिळते. मग कोपऱ्यातल्या ट्रेवर मीटर ठेवलं. कागदाकडच्या कोपऱ्यात काटा जिथं थांबला, त्याच्या अगदी शेजारी तो चुन्याकडच्या कोपऱ्यातही थांबला. दिवा अर्धा फूट खाली घेतला तेव्हा मात्र तो दोन्हींकडं उडी मारून वर गेला. म्हणजे जे काम दोरीची गाठ सोडून झालं असतं, त्यासाठी आम्ही नासाला त्रास दिला होता.

नंतर, जरा गंमत म्हणून, मीटर अंगणात नेलं. दुपारचे बारा वाजले होते. काट्यानं थेट पलीकडच्या भिंतीला धडक दिली. घरात तीनशे लक्सची ट्यूबलाइट आपल्याला लख्ख वाटते. बाहेर भर दुपारी सूर्य लाखाच्या घरात ओतत असतो, आणि बिल पाठवत नाही. आमचे चार दिवे शंभर-शंभर वॅटचे, बारा तास जळायचे. रोजचे जवळजवळ पाच युनिट.

या जिल्ह्यात तर हे फारच झालं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडं जा. तिकडं शेतकरी भाजीपाल्याचं बी तयार करतात ते शेडनेटखाली, जाळी ताणून. त्यांना ऊन जास्त होतं म्हणून ते जाळी विकत घेतात. आम्ही त्याच जिल्ह्यात खिडक्या बंद करून उजेड विकत घेतो!

मी हे सगळं भाच्याला सुनावलं. मास्तरकीची सवय. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मामा, तुमचं सारं बरोबर आहे. पन बाहेरचं ऊन फुकट असलं तरी बाहेरचा पाऊस माह्या हातात नाही, अन् भावही नाही. खोलीत निदान स्वीच माह्या हातात होता."

यावर मात्र माझ्याकडं मुद्दा नव्हता.

म्हणून माझा राग पोरावर नाही. चार एकरांनी ज्याला दार दाखवलं, तो खोलीत शिरणारच. राग आहे तो त्या दारात बसून बेगड विकणाऱ्यांवर. केशर शिकवा, जरूर शिकवा. पण पाती कशा पोसायच्या ते आधी शिकवा आणि चमक शेवटी विका. नको, विकूच नका. पोराला स्पष्ट सांगा, बाबा रे, गावात चुनेवाला आहे का? मग तुझी भिंत झाली.

फुलं आली. सहाशे मोजली, म्हणजे चार ग्रॅम. हवालदारांना चिमूटभर दिलं. मग कंद मातीच्या कुंड्यांत लावून सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या. बुलढाण्याच्या हिवाळ्यातलं कोवळं ऊन पातींनी मार्चपर्यंत पोटभर खाल्लं. पात हिरवीगार होती, देवघरातल्यासारखी पिवळी नव्हे. पिल्लं किती वजनाची झाली ते तोलून ठेवलंय. फुलतील की नाही ते ऑक्टोबर सांगेल. खोलीच्या चारी भिंतींना आता चुना आहे.

शीट फेकली नाही. चैत्रात ती स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पसरून बांधली. सूर्याला परत पाठवणं हे तिचं मूळ काम, आणि ते ती चोख करते. दुपारी ओट्यापाशी आता उभं राहवतं, असं ही म्हणते.

ताई मध्यंतरी आली होती. चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवला, तळव्याला पांढरं लागलं, ते पदराला पुसलं. संध्याकाळी देवापुढं तिनं पितळेची समई लावली. उजेड तेवढाच पडला. पण ती जरा वेळ समईकडं बघत राहिली, आणि मी उगीचच चष्मा पुसायला घेतला.