कौशल्य कोणाचे, कमाई कोणाची?

‘मुलींकडे पदवी आहे, पण कौशल्य नाही.’ हे वाक्य आधी उद्योगपतींनी म्हटले, मग मंत्र्यांनी, मग प्राचार्यांनी. आता आईबापही म्हणतात आणि मुलीही मान खाली घालून म्हणू लागल्या आहेत. स्त्री-संघटनांनी या वाक्याला उत्तर द्यायला हवे, कारण त्याच्या आडून शिकलेल्या मुलींचे श्रम फुकटात नाहीतर कवडीमोलाने वापरले जात आहेत.

मी विज्ञानाची नाही, समाजकार्याची विद्यार्थिनी. आमच्या सल्ला केंद्रात मारहाणीच्या, पोटगीच्या तक्रारी घेऊन बाया येतात. अलीकडे बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या मुलीही येतात, त्या वेगळेच गाऱ्हाणे घेऊन. औषधाच्या किंवा लशीच्या कंपनीत लागायचे तर आधी तीन किंवा सहा महिन्यांचा रोजगार-प्रशिक्षण वर्ग करा, असे त्यांना सांगितले जाते. कम्युनिटी कॉलेज म्हणा, कौशल्य केंद्र म्हणा नाहीतर खाजगी अकॅडमी, पद्धत साधारण एकच. सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा आणि शेवटी काही आठवडे किंवा महिने प्रत्यक्ष कंपनीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी प्रशिक्षणाच्या विरोधात नाही. तालुक्याच्या कॉलेजात एका पिपेटभोवती दहाजणी उभ्या असतात. एकीने करायचे, नऊजणींनी वहीत उतरवायचे. एचपीएलसीचे यंत्र त्यांनी आकृतीतच पाहिलेले असते. निर्जंतुक खोलीत कसे वावरायचे, पेशी कशा वाढवायच्या, बॅच रेकॉर्डमध्ये चूक झाली तर खाडाखोड न करता एक रेघ मारून सही-तारीख का घालायची, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. जी लस बाळाच्या दंडात जाणार, तिथे हलगर्जीपणा चालणारच नाही. हे नीट शिकून आलेली मुलगी आमच्यासमोर ताठ बसून बोलते, हेही मी पाहिले आहे.

मग हे पदवीतच का शिकवले नाही? बायोटेक्नॉलॉजीचे कितीतरी अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. आईबापांनी तीन वर्षे पदरमोड करून फी भरली. त्या फीत जे शिकवायचे राहिले, ते शिकायला आता पुन्हा फी. भावाच्या इंजिनिअरिंगसाठी ज्या घरात कर्ज निघते, त्याच घरात मुलीला ऐकवले जाते, ‘तुझ्यावर झाला तेवढा खर्च पुरे, आता स्थळे बघू.’ म्हणजे कौशल्याचा हा नवा उंबरठा सगळ्यांसाठी सारखा नाही. तो मुलीला जास्त उंच आहे, आणि दलित, आदिवासी, शेतमजुराच्या मुलीला त्याहून उंच.

पैसे देऊन शिकवता येत नाही असे नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९९३ पासून पदवीधरांना विद्यावेतन देऊन सहा महिने उद्योगात शिकवण्याचा कार्यक्रम राबवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, ती स्थानिक मुलामुलींना परवडेल असे, उद्योगाशी जोडलेले शिक्षण द्यायला. कल्पना चांगलीच होती. पण तिचा बोजा कोणी उचलायचा हा प्रश्न आला, की सरकार उद्योगाकडे बोट दाखवते, उद्योग सरकारकडे, आणि पावती फाडली जाते मुलीच्या नावाने.

आता कायदा पाहू. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांनाही खुला झाला. त्याचे कलम १८ सांगते की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरले, त्यातही काही वाटा सरकार उचलते. एम.एस्सी. झालेली मुलगी दिवसभर चाचण्या करते, तिच्या सहीने नमुने पुढे जातात, माल बाजारात जातो. तरी ती कामगार नाही! वर्ष संपले की नवी तुकडी येते. आमच्याकडे आलेल्या एकीने अशी दोन कंपन्यांत दोन वर्षे काढली. आता तिसरी कंपनी तिला ‘फ्रेशर’च म्हणते.

हे नुसते कंपन्यांतच नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिना १०,००० रुपये, सहा महिने. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. ती संपल्यावर हीच मुले-मुली कायम कामासाठी रस्त्यावर उतरली.

गिरणीतला बदली कामगार आपल्याला ठाऊक आहे. १९७३ मध्ये मुंबईत सीप्झ उभे राहिले, तेव्हा तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांना तरुण मुली हव्या होत्या, का तर बोटे नाजूक, नजर बारीक, तोंड बंद. आज पांढऱ्या झग्याने काम प्रतिष्ठेचे दिसते. पण ‘मुली व्यवस्थित असतात, युनियन करत नाहीत’ हे कौतुक आजही कानावर येते.

आणि बाईचे शरीर? निर्जंतुक खोलीत जाताना टिकली, बांगड्या, मंगळसूत्र काढायचे, डोक्यापासून पायापर्यंत झगा चढवायचा. हे ठीकच आहे. पण बाहेर पडून पुन्हा आत जायचे म्हणजे सगळे पहिल्यापासून. म्हणून मुली पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, पाळीच्या दिवसांत एकच पॅड तासन्‌तास ठेवतात. लघवीच्या जंतुसंसर्गाची तक्रार अनेकींनी सांगितली. जनुकांना इजा करू शकणारे इथिडियम ब्रोमाइड हाताळताना किंवा कर्करोगकारक ठरलेले फॉर्मल्डिहाइड वापरून खोली निर्जंतुक करताना कोणती काळजी घ्यायची, दिवस गेले असतील तर कोणाला सांगायचे, हे किती वर्गांत शिकवले जाते? ‘लग्न कधी करणार’ हे मात्र मुलाखतीत हमखास विचारतात.

छळ झाला तर? कंपनी म्हणते, ती कॉलेजची विद्यार्थिनी. कॉलेज म्हणते, घडले ते कंपनीत. मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकून गप्प परतू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जिथे काम, तिथल्या समितीने तक्रार घेतलीच पाहिजे. रात्रपाळीला बाईची संमती हवी, असे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता म्हणते. पण जिचे प्रमाणपत्र साहेबाच्या टेबलावर अडकले आहे, तिच्या संमतीला काय अर्थ?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. प्रशिक्षणाचा खर्च उद्योगाने आणि सरकारने करावा, मुलीकडून फी घेऊ नये. कंपनीत उत्पादनाचे काम करून घेतले त्या दिवसापासून किमान वेतन आणि अनुभवाचा दाखला मिळावा. मागच्या तुकडीतल्या किती मुलींना कायम काम मिळाले आणि किती पगारावर, हे प्रवेशाआधी फलकावर लावावे. रसायने, गरोदरपण, विश्रांतीच्या वेळा आणि कामगार कायदे हे अभ्यासक्रमात असावेत. तक्रार समितीतील सदस्यांची नावे व फोन पहिल्याच दिवशी हाती द्यावेत.

आपण मोलकरणींचे, बिडी कामगारांचे, अंगणवाडी सेविकांचे प्रश्न घेतले. एम.एस्सी. झालेली मुलगी आपल्याला ‘सुशिक्षित’ वाटते, म्हणून तिचा प्रश्न नजरेतून सुटला. तिलाही अजून संघटना आपली वाटत नाही. आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी पाळी सुटताना उभ्या राहा, कॉलेजात जा, अशा दहा मुलींना एकत्र बसवा आणि त्यांचे करारपत्र मोठ्याने वाचायला सांगा. पुढचे काम तिथून सुरू होईल.