अंगठा उठला नाही म्हणून हक्क बुडत नाही

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोड्या, निघतात. वर्षानुवर्षे मोळ्या बांधून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातल्या आधारशी जोडलेल्या मशीनवर अंगठा उठत नाही. मशीनने नकार दिला तर नुकसान कोणी सोसायचे, हा आधारच्या वादातला मूळ प्रश्न आहे.

आधारचे समर्थक म्हणतात, बोगस शिधापत्रिका होत्या, मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलले जात होते. ते खरे आहे. आधारवर चालणाऱ्या ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे जळकोटच्या कुटुंबाला उसाच्या फडाजवळच्या दुकानातही धान्य उचलता येते, हेही खरे. म्हणून आधारच मोडीत काढा, ही मागणी मला मान्य नाही.

पण यावरून अंगठा सक्तीचा करावा, हे सिद्ध होत नाही. अंगठ्याने माणूस कोण ते कळते. काट्यावर पाच किलोऐवजी चार किलो पडले, हे कळत नाही. ‘अडचण थोड्यांनाच येते’ हा युक्तिवाद तर अन्यायाचा आहे. ते थोडे म्हणजे म्हातारे, विधवा, मजूर. ज्यांच्यासाठी योजना काढली तेच. ‘प्रामाणिक माणसाला कसली भीती?’ असेही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मागताना आधी निर्दोषपणा सिद्ध करावा लागत नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने अनुदानाच्या योजनांसाठी आधार वैध ठरवले, पण ओळख पटवण्यात अडचण आली म्हणून लाभ नाकारू नये, असेही बजावले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य न मिळाल्यास भत्ता आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, दक्षता समित्या आणि सामाजिक अंकेक्षण आहे. ही कलमे गावात उतरवली पाहिजेत.

त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात. अंगठा उठला नाही तर नोंदवहीत सही घेऊन धान्य त्याच दिवशी द्यावे. शिधापत्रिकेतून नाव वगळण्याआधी लेखी नोटीस द्यावी, वगळायच्या नावांची यादी ग्रामसभेत वाचावी आणि फडावर गेलेल्यांना परतेपर्यंत मुदत द्यावी. धान्य नाकारले तर कारण लिहून द्यावे. आपली माहिती कोणत्या कार्यालयाने कधी पाहिली, हे एस्टोनियात नागरिकाला कळते. ते इथेही कळावे.

पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. ओळखीच्या कागदाअभावी ज्याला दारातून परत पाठवले जाई, त्याच्यासाठी ही व्यवस्था आहे, असे तेव्हा सांगितले होते. ते वचन खरे मानून मोजणी करा. किती नावे कापली हा कार्यक्षमतेचा हिशेब नव्हे. पात्र असूनही किती जण रिकाम्या हाताने परतले, हा आकडा दर महिन्याला तहसील कार्यालयाच्या फलकावर लागला पाहिजे.