दोर कोणाला हवा आहे?

वास्कोत धंद्याचा सल्ला देणाऱ्यांना अलीकडे तोटा नाही. रविवारी सकाळी कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा असते. दारात फाईल आणि पेन मिळतं, आणि मंचावरचा सुटाबुटातला माणूस पहिल्या दहा मिनिटांत सांगतो की आधी तुमचं ‘व्हाय’ शोधा. सायमन सिनेक यांचं ‘स्टार्ट विथ व्हाय’ २००९ साली आलं, तेव्हापासून ही साथ पसरली आहे. मग चहाच्या सुट्टीआधी प्रत्येकाने आपल्या धंद्याचं ध्येय एका वाक्यात लिहायचं. पिठाच्या गिरणीवाला लिहितो, ‘ग्राहकांना दर्जेदार सेवा’. गॅरेजवालाही तेच लिहितो. कागदांची अदलाबदल केली तरी दोघांपैकी एकाच्याही लक्षात येणार नाही.

ध्येयाची चेष्टा मला करायची नाही. लहान धंदेवाल्याला दिशा मोठ्यापेक्षा जास्त लागते, कारण मोठ्याला चुकीच्या रस्त्याने दोन-तीन वर्षं चालणं परवडतं. माझं म्हणणं इतकंच, की ती कोऱ्या कागदावर सापडत नाही. शोधायचीच तर उधारीच्या वहीत शोधावी.

बंदराच्या रस्त्यावरचं एक हार्डवेअरचं दुकान मी बरीच वर्षं पाहतो आहे. नाव देत नाही, मालकाला आवडणार नाही. काउंटरखाली नायलॉन दोराची वेटोळी, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले शॅकल, मागच्या खोलीत रेड ऑक्साईडचे डबे. दोर इथे वजनावर विकला जातो, मीटरवर नव्हे. नवखं गिऱ्हाईक तिथेच ओळखू येतं. एके काळी या दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे बार्जवाले. डिचोली, सांगेच्या खाणींतून निघालेलं खनिज ट्रकने नदीकाठच्या जेटीवर यायचं, तिथून बार्जीत भरून मुरगाव बंदरातल्या जहाजाकडे. पावसाळ्यात मांडवीचं मुख बार्जींना बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. गोव्यातलं कमी प्रतीचं खनिज चीनचे पोलाद कारखाने हात पसरून घेत होते. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. इतक्या ये-जा करणाऱ्या बार्जींना दोर किती लागत असेल, याचा हिशेब करा.

मग २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प झालं. या काळात दुकानदाराने काय केलं? पहिलं वर्षभर काही नाही. ‘सुरू जातलें’ म्हणत बसून राहिला. त्याला मी दोष देत नाही. अख्खा गोवा तेच म्हणत बसला होता.

दुकानाची वही त्याची बायको लिहायची. रिकामपणात तिने मागची पानं उलटली. बार्ज कंपन्यांच्या पानांवर मोठमोठे आकडे होते आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी, तेही कापून. खारीवाड्यातल्या मासेमारी बोटवाल्यांच्या पानांवर पाचशे, आठशे, बाराशे. पण ओळीखाली ओळ, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर ‘जमा’. ती नवऱ्याला म्हणाली, या माणसांना तुम्ही आजवर उभं ठेवलंत. आणि ते अक्षरशः खरं होतं. दुकानात खुर्ची एकच, ती बार्जच्या सुपरवायझरची. बोटवाले बाहेर पायरीवर.

त्यानंतर दुकानात जाळ्याचा धागा आला, फ्लोट आले, शिशाची वजनं आली, शॅकलचा आकार लहान झाला. वर्षाचं गणितही बदललं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बार्जवाल्या डोक्याने पाहिलं तर ते मेलेले महिने. पण बोटी किनाऱ्याला असतात तेव्हाच त्यांची आणि जाळ्यांची डागडुजी निघते, म्हणून या दुकानाची तीच सुगी. ‘बार्जी बंद जाल्यो, दोर बंद जांवक ना,’ असं तो आता ऐटीत सांगतो. वाक्य मुळात बायकोचं आहे, पण असो.

हे सगळं सुखान्त नाही. नफ्याचं प्रमाण बार्जींच्या काळातलं राहिलं नाही, दोन कामगारांतला एक कमी करावा लागला. बोटवाल्यांचं दुखणं वेगळंच आहे: बोटीवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे, ते वेळेवर परतले नाहीत की हंगामाच्या सुरुवातीलाच बोटी किनाऱ्याला, आणि बोटी किनाऱ्याला म्हणजे वहीत पुन्हा नुसती उधारी.

हार्वर्डच्या थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली एका लेखात लिहिलं की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मागे पडल्या, कारण आपला धंदा रेल्वेचा असं त्या समजत राहिल्या. गिऱ्हाईकाला हवी होती वाहतूक. रेल्वे आणि बंदर यांच्या सांध्यावर वाढलेल्या वास्कोला हे पटायला हरकत नाही. पण लेव्हिटच्या रेल्वे कंपनीकडे दुसरं काही विकत घेण्याइतका पैसा होता. एका ट्रकच्या मालकाकडे हप्ता असतो. ट्रक खनिजासाठीच घेतलेला, बँकेने खनिजाच्या भरवशावर दिलेला. खाणी बंद झाल्यावर ‘तुझा धंदा वाहतुकीचा आहे’ असं त्याला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अशांसाठी २०१४ मध्ये सरकारला कर्जमुक्तीची योजना काढावी लागली, ती उगाच नव्हे. दिशा ठरवायची ती कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी. नंतर बँकच ठरवते.

पेडण्यात सध्या हेच वेगळ्या रंगात चाललं आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. जमिनी गेलेल्या गावांतल्या पोरांना टॅक्सी घ्यावीशी वाटली यात नवल नाही, आणि काउंटरवर हक्क मागण्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. इकडे दाबोळीच्या विमानतळावर वर्षानुवर्षं रांग लावणारे वास्कोचे टॅक्सीवाले मोपाकडे वळलेली विमानं मोजत बसले आहेत. दोन्हीकडे माणसं कष्टाळू, पण धंदा एकाच फाटकावर टांगलेला, आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे.

त्याच पेडण्यातली हरमलची मिरची बघा. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती विकणारी बाई त्याआधी कित्येक वर्षं पुरुमेंताच्या दिवसांत, मे महिन्यात, बाजारात बसतेच आहे. पावसाळ्याची बेगमी करणारं कोणतं गिऱ्हाईक किती मिरची नेतं, कोणाला तिखट हवी, कोणाला रंगाची, हे तिला तोंडपाठ असतं. मानांकनाने भाव सुधारला तर तिचं भलंच होईल. पण आपण कोणासाठी बसलो आहोत, हे तिला त्या प्रमाणपत्राने सांगावं लागलं नाही.

आता डिचोलीत पुन्हा धूळ उडू लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकचा लिलाव झाला आणि २०२४ पासून तिथे खनिज निघू लागलं. तिकडच्या एका ओळखीच्या तरुणाने मला विचारलं, टिपर घेऊ का? वडिलांचा २०१२ मध्ये गेला होता, तो परत उभा करायचा आहे म्हणतो. ही ओढ मला समजते. तरी मी त्याला विचारलं, की खनिज नसताना, समज पावसाळ्याच्या चार महिन्यांत, हा टिपर कोण बोलावणार आहे? हप्ता तर बाराही महिने कापला जाणार. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, चिरे, खडी, घरांच्या पायाची माती. कोणाची घरं? ते त्याला सांगता आलं नाही.

सध्या तो आसपासच्या कंत्राटदारांना भेटून फेरीचं भाडं विचारतो आहे. दोघांनी आकडे दिले, तिसऱ्याने पावसाळ्यानंतर बोलू म्हणून सांगितलं. बँकेची फाईल अजून घरीच आहे, आणि शोरूमवाल्याचे रोज फोन येत आहेत.