चाचणी झाली, पाठीशी कोण?

दहावीचा निकाल लागला की वाकोल्यातील चाळीत काय आणि सोसायटीत काय, एकच प्रश्न कानी पडतो, "विज्ञान की वाणिज्य?" कालिन्याचे विद्यापीठ-संकुल हाकेच्या अंतरावर, पण तेथे कोणकोणते विषय शिकवतात, हे आपल्यापैकी किती जणांनी मुलांना नेऊन दाखवले? शोधाआधीच निर्णय मागायचा, ही आपली रीतच झाली आहे.

2016 साली राज्य सरकारने दहावीसाठी कल चाचणी सुरू केली. हेतू स्तुत्य होता. मात्र चाचणी कल सांगते, अनोळखी वाट चोखाळण्याचे धैर्य देत नाही. ते धैर्य कोठून येते? ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांचे उत्तर असे की, आईवडिलांच्या आधाराची खात्री असलेले मूलच निर्धास्तपणे जग धुंडाळते. मेरी एन्सवर्थ यांनी हेच युगांडातील आणि पुढे अमेरिकेतील बालकांत अभ्यासले. नंतरच्या संशोधकांनी हा धागा करिअरच्या निवडीपर्यंत नेला. आश्वस्त मुले चौकशी करतात, चुकतात, पुन्हा शोधतात. घरचे प्रेम गुणपत्रिकेवर अवलंबून आहे असे ज्यांना वाटते, ती निर्णयापाशी अडखळतात. आणि कुणावरही विसंबायचे नाही हे शिकलेली मुले सल्ला मागायलाच जात नाहीत.

"आमची कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, समुपदेशक हे पाश्चात्त्य खूळ," असे म्हणणारे येथेच चुकतात. एका छपराखाली राहणे म्हणजे आधार नव्हे. 1962 साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभारणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. त्यांना हे शास्त्र परके वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. परंतु वर्षाकाठी एक व्याख्यान झोडून जाणारा पाहुणा म्हणजे समुपदेशक नव्हे. ज्याच्याकडे मूल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निःसंकोच जाऊ शकते, तोच खरा समुपदेशक. घरात आधार तोकडा पडलेल्या मुलाला तर तोच एक आसरा असतो.

तेव्हा पुढच्या पालकसभेत शुल्काआधी हा प्रश्न विचारा, "आमच्या शाळेतील समुपदेशक कोण?" आणि त्याच रात्री घरी मुलाला सांगा, "वाट चुकलास तरी घर तुझेच आहे." यातले दुसरे काम कोणतेही न्यायालय करून देणार नाही.