भिंतीचा रंग कोण ठरवतो?

ग्रामीण कथेत सारवणारी बाई वारंवार भेटते. रंग ठरवणारी क्वचितच. झाडीपट्टीत, आमच्या गोरेगावकडे (जि. गोंदिया), कवेलूच्या घरांना दिवाळीआधी पांढऱ्या छुईने पोतारीत आणि ते काम तिचेच असे. छुई किती दाट कालवायची, चुन्याचा पिवळटपणा मारण्यापुरती नीळ किती घालायची, हे तीच ठरवी. खिडक्या लहान, उजेड भिंतीनेच परतवायचा, हे तिला ठाऊक होते. आता शेडकार्डावर शेकडो छटा आहेत, पण निवड होते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, आणि बहुधा घरधनी करतो. याला आपण निवडीचे स्वातंत्र्य म्हणतो! निदान हातभर भिंत आधी रंगवावी, सकाळ-संध्याकाळच्या उजेडात पाहावी आणि त्या खोलीत जिचा दिवस जातो तिला विचारावे.