हात झोपतो, आपण जागतो

रात्रीचे तीन. मला जाग आलेली असते ती डेडलाइनच्या स्वप्नाने नाही, तर उजव्या हाताच्या मुंग्यांनी. हात जणू दुसऱ्याच कुणाचा. थर्मामीटर झटकतात तसा तो झटकायचा, दोन मिनिटांत जीव आला की परत झोपायचं. हा कार्यक्रम तब्बल दीड वर्ष चालला, बरं का!

दोष कुणाला दिला? अर्थात लॅपटॉपला. जेल पॅड घेतलं, माउस बदलला, खुर्ची बदलली. हाताला काही फरक नाही, क्रेडिट कार्डाला मात्र भरपूर व्यायाम.

मग हळूहळू मुंग्या कमी झाल्या. म्हटलं, चला, सुटलो! आणि त्याच आठवड्यात कुर्त्याचं बटण लागेना. बोटांना बटण कळतच नव्हतं.

हँड सर्जनचा पहिलाच प्रश्न : "करंगळीला मुंग्या येतात?"

मी विचारात पडले. नाही. कधीच नाही.

तिथेच त्यांना निम्मं उत्तर मिळालं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, हा मीडियन नर्व्हचा इलाका. करंगळीची नर्व्ह वेगळी. ही मीडियन नर्व्ह मनगटातल्या एका बोगद्यातून जाते. खाली हाडं, वर जाड चिवट पट्टा आणि आत ९ टेंडन्सची गर्दी. संध्याकाळची विरार लोकलच म्हणा ना! जरा सूज आली की चेंगरते ती बिचारी नर्व्ह. नाव : कार्पल टनेल सिंड्रोम.

लॅपटॉपची मात्र मला माफी मागावी लागली. जेम्स पॅजेट या इंग्लिश सर्जनने मनगटात ही नर्व्ह दबल्याची नोंद १८५४ मध्येच केली होती. तेव्हा कुठला कीबोर्ड? डायबिटीस, थायरॉइड, प्रेग्नन्सी, संधिवात, हातात सतत थरथरणारी मशिन्स धरायचं काम, ही जास्त नेहमीची कारणं. माझ्या केसमध्ये थायरॉइड गडबडलेलं निघालं. त्याची गोळी सुरू झाली.

मग डॉक्टरांनी माझे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवायला लावले. डाव्या अंगठ्याखालचा उंचवटा छान गुबगुबीत. उजवा चपटा. "मुंग्या कमी झाल्या कारण नर्व्ह बरी झाली नाही, दमली," ते म्हणाले. पोटात गोळा आला. नर्व्ह कंडक्शन टेस्टनेही तेच सांगितलं. लवकर आले असते तर रात्री घालायचा स्प्लिंट किंवा एखादं स्टिरॉइडचं इंजेक्शन, एवढ्यावर कदाचित भागलं असतं. आता पट्टा कापून नर्व्हला जागा करून देणं भाग होतं.

ऑपरेशनचा मी केवढा बाऊ केला होता! फक्त हात बधिर केला, मी टक्क जागी, पाव तासात काम खलास. संध्याकाळी घरी. आणि त्या रात्री मी सलग झोपले. दीड वर्षात पहिल्यांदा!

पण 'हॅपी एंडिंग' म्हणून गप्प बसणार नाही. टाके निघाले तरी तळव्याच्या बुडाशी दोन-तीन महिने ठणका होता. लोणच्याच्या बरणीचं झाकण आईकडून उघडून घ्यायचे. नर्व्ह परत वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि कॅलेंडर बघा. आज वर्षानंतर बटणं लागतात, पकड आलीय. तर्जनीचं टोक मात्र अजून थोडं बोथट आहे आणि अंगठ्याखालचा तो उंचवटा पूर्ण भरलेला नाही. कदाचित भरणारही नाही. ऑपरेशन नर्व्हवरचा दाब काढतं, गेलेलं दीड वर्ष परत देत नाही.

तेव्हा मंडळी, रात्री हात झटकायची सवय लागली असेल तर नवं माउस पॅड नंतर घ्या. आधी करंगळीला विचारा. आणि आत्ता, हे पान उलटायच्या आधी, दोन्ही तळवे एकदा शेजारी ठेवून बघाच.